चार फूट आठ इंच

पहाटे ५:४०

नारायण पेठेतल्या गल्लीत एकच शटर वर गेलंय, तेही अर्धंच. आत आठ फूट बाय दहा फुटांची जागा. एका भिंतीला पट्ट्यांचे नमुने, दुसऱ्या भिंतीला काचेची उभी तावदानं, मधल्या बाकावर काच कापायचा हिरा आणि तिरका काप देणारं यंत्र. फ्रेमवाले मामा खाली बसून तारेचे हुक वाकवताहेत. दहा गेजची तार, पक्कड, एक झटका वर, एक झटका खाली, झाला एस. एका फ्रेमला दोन लागतात. आज फ्रेमा बासष्ट आहेत, म्हणजे हुक एकशे चोवीस. बाजारात तयार मिळतात की, मी म्हणतो.

"मिळतात. ते सरळ होतात वजनानं."

मामा बासष्ट वर्षांचे. आज १ ऑक्टोबर २०२४, मंगळवार, ज्येष्ठ नागरिक दिन. पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं एक दिवसाचं चित्रप्रदर्शन आहे आणि ते लावायचं आणि उतरवायचं काम मामांकडे. साठीला संघाचं सभासद होता येतं. मामा झालेले नाहीत. सकाळी सहाला योगवर्ग, संध्याकाळी पाचला व्याख्यान, हे त्यांना कसं जमणार.

भिंतीवर वरच्या बाजूला अकरा फोटो टांगलेत. सगळे म्हातारे, सगळे काळ्या किंवा चंदनी पट्टीत. करून घेतले आणि न्यायला कुणी आलं नाही. पितृपक्षात बाकी बाजार थंड असतो, फ्रेमवाल्याचा नसतो. वडिलांच्या फोटोची काच बदलून द्या, आजीचा फोटो मोठा करून द्या, उद्या सर्वपित्री आहे, आजच पाहिजे.

"म्हातारी माणसं माझ्याकडं एकदाच येतात," मामा म्हणतात. "फोटोतनं. वर्षातनं ह्या एका दिवशी चालत येतात."

सकाळी ६:३५

छोटा हत्ती आला. एका खेपेचे आठशे, संघ देणार. मामांच्या दुकानात केलेल्या फ्रेमा तेवीस. बाकीच्या एकोणचाळीस लोक घरून आणणार आहेत आणि त्यांचीच मामांना धास्ती आहे.

मदतीला एक पोरगा आहे. लातूर जिल्ह्यातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. महिन्यातून पाच-सहा दिवस अशी कामं धरतो. दिवसाचे सातशे. मेसच्या महिन्याच्या पैशांतले तेवढेच कमी मागावे लागतात घरून.

फ्रेमा टेम्पोत आडव्या ठेवायच्या नाहीत. उभ्या, काचेला काच, पाठीला पाठ, मध्ये जुन्या गोधडीचे तुकडे. सोळा बाय बावीसची फ्रेम असेल तर दोन मिलिमीटरची काचच एक किलोच्या वर भरते. पट्टी, पुठ्ठा धरून दोन किलो. पोरगा एका वेळी चार उचलतो. मामा दोन. गेल्या वर्षी तेही चार उचलायचे.

सकाळी ७:१०

मंगल कार्यालय. एरवी इथं तारीख मिळत नाही. पितृपक्षात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, त्यामुळं हॉल रिकामा आणि भाडं लग्नाच्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्शानं. संघाच्या चिटणीस बाईंनी हा हिशेब तीन वर्षांपूर्वी काढला. त्यावर संघातल्याच एका आजोबांनी बैठकीत विचारलं होतं म्हणे, की पितृपक्षात म्हाताऱ्यांचं प्रदर्शन, म्हणजे कावळ्यांनाही आमंत्रण द्यायचं का? इतिवृत्तात हा प्रश्न नोंदलेला आहे. उत्तर नोंदलेलं नाही.

भिंतीला खिळा ठोकायला बंदी. म्हणून मांडववाल्याकडून लोखंडी जाळ्या आणल्यात, आठ बाय चारच्या, चोवीस. दर जाळीला दीडशे रुपये. जाळी उभी करायची, पायात त्रिकोणी स्टँड अडकवायचा, शेजारच्या जाळीला तारेनं बांधायची. चोवीस जाळ्या उभ्या करायला पन्नास मिनिटं लागली. पोरग्याचा टी-शर्ट पाठीला चिकटला. मामांनी स्वेटर काढला नाही.

सकाळी ८:१५

आता मोजमाप. कलादालनात चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर धरतात. उभ्या माणसाच्या डोळ्याची ती उंची. मामा इथं चार फूट आठ इंच धरतात.

पहिल्या वर्षी त्यांनी पाच फुटांवरच लावली होती. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की अर्धा हॉल मान मागं टाकून उभा आहे. चष्मे दुभिंगी. जवळचं बघायची काच खाली असते. जवळ जाऊन चित्राचा वरचा भाग बघायचा म्हणजे हनुवटी छताकडं करावी लागते. एका आजोबांना चक्कर आली, खुर्ची आणावी लागली. दुसऱ्या वर्षी मामांनी आल्या आल्या पहिल्या आजींना जाळीसमोर उभं केलं आणि टेप धरली. तेव्हापासून चार फूट आठ.

नावाची चिठ्ठीही चित्राच्या खाली नाही, बाजूला. खाली लावली तर वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस कठड्याला धरतो. इथं कठडा म्हणजे जाळी. अक्षर बोटाच्या पेराएवढं.

जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली. जाळीचा चौकोन दोन इंचांचा. म्हणजे हुक वरच्या चौकोनात घाला नाहीतर खालच्या, मधलं काही नाही. फरक राहिला तर फ्रेमेमागची तार लहान-मोठी करायची. मामांनी केलेल्या तेवीस फ्रेमांना मागं दोन कड्या, वरून एक तृतीयांश खाली, तार सारख्या ढिलाईची. त्या वीस मिनिटांत लागल्या.

सकाळी ९:००

घरून आलेल्या फ्रेमा उघडल्या. एकीला नाडी बांधलीय. एकीला मध्यभागी एकच कडी, ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. एक चित्र जुन्या कॅलेंडरच्या पत्र्याच्या पट्टीत अडकवून आलंय. एकाच्या मागं १९९१ सालच्या शेअर सर्टिफिकेटचा पुठ्ठा. प्रत्येकीला कड्या मारायच्या, तार ओवायची, पीळ द्यायचा. मामांच्या अंगठ्याला तार लागून चीर पडली. त्यांनी ती चिकटपट्टीनंच बांधली.

"मामा, हे काय करायलाव? रक्त येतंय की."

"बासष्टातल्या किती झाल्या?"

"चौतीस."

नऊ वीसला काच फुटली. पोरग्याच्या हातून. फ्रेम जुनी, मागचे खिळे गंजलेले, एक उपटताना पट्टी उसळली आणि काच कोपऱ्यातून गेली. कुणी काही बोललं नाही. मामांनी चित्र हळूच बाजूला काढलं, टेपनं माप घेतलं, तळहातावर पेनानं लिहिलं आणि स्कूटर काढली. बावीस मिनिटांत नवी काच घेऊन परत. काच एकशे दहा रुपयांची.

चित्रवाले सर दहाला आले. त्यांना अजून माहीत नाही. त्यांनी चित्र बघून एवढंच म्हटलं, की इथल्या दिव्यात जास्त उठून दिसतंय.

सकाळी १०:२०

मंडळी येऊ लागली. जिना चढताना प्रत्येक जण एकदा मधल्या पायरीवर थांबतो आणि थांबायला कारण म्हणून भिंतीवरचा मुंडावळ्यांच्या दुकानाचा फलक वाचतो.

जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या आहेत. तरी तक्रारी आहेतच. "मी दाराजवळ. दाराजवळ कुणी थांबतं का?" "माझ्या शेजारी हे राजा रवि वर्म्यांची नक्कल लावलेत. माझं बिचारं कण्हेरीचं झाड." मामा शिडीवरून सगळं ऐकतात. शिडीवरच्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

एक आजोबा सासवडहून आलेत, शहात्तर वर्षांचे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळं तिकीट शून्य. पण स्वारगेटहून रिक्षाला साठ रुपये पडले, ते त्यांनी तीन जणांना सांगितलं. चित्र बाजाराच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेलं. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएटला बसायचं होतं, पण रंगपेटी घेता आली नाही. पुढं पन्नास वर्षं अंजीर आणि सीताफळ. चित्र पुरंदर किल्ल्याचं आहे. फ्रेम नाही. मामांनी दुकानातून सोबत आणलेल्या एका रिकाम्या फ्रेमेत ते बसवलं. इंचभर मोठी पडली. आत पांढरा कागद घालून माऊंट केल्यासारखं केलं.

"किती द्यायचे?"

"संध्याकाळी फ्रेम परत द्या."

सकाळी ११:००

उद्घाटन. समई, हार, संघाची प्रार्थना. अध्यक्षांनी सांगितलं की संयुक्त राष्ट्रसंघानं १९९० साली हा दिवस ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जातो. मागच्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं होतं, मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या. मामा जाळीच्या मागं बसून राहिलेल्या तीन फ्रेमांना तार लावत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही पक्कड खाली ठेवून वाजवल्या.

दुपारी १२:३०

आता बघायला मिळतं. मी दोन फेऱ्या मारल्या.

एक निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. त्यांनी आपला राहता वाडा काढलाय. पाडून तिथं सहा मजली इमारत झाली. पेन्सिल, ट्रेसिंगला शोभेल अशी बारीक रेघ, आणि दर खांबाला माप. चौकातला हौद चार फूट तीन इंच बाय सहा. त्यांचा हात थरथरतो. मग रेघ सरळ कशी? "थरथर एका लयीत असते हो," ते म्हणाले. "श्वास सोडताना कमी होते. त्या वेळात ओढायची. एका श्वासात अडीच इंच."

त्यांच्या पलीकडच्या जाळीवर एकाच खिडकीची दोन चित्रं. एकात आभाळ चहाच्या रंगाचं, पानं खाकी. दुसऱ्यात आभाळ इतकं निळं की खोटं वाटावं. दोन्ही एकाच बाईंची, निवृत्त शिक्षिका. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळा आधी जातो, आणि हळूहळू जात असल्यामुळं माणसाला कळत नाही. "मला वाटायचं कॅमलिनवाल्यांनी रंग बदलला," त्या म्हणाल्या. पहिलं चित्र त्यांना लावायचंच नव्हतं. मामांनी विचारलं, दोन हुक जास्तीचे आहेत, लावू का? आणि उत्तराची वाट न बघता लावलं.

एक कॉलेजातली मुलगी म्हणाली की फ्रेंच चित्रकार मोनेचंही असंच झालं होतं, १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाईंनी लक्षपूर्वक ऐकलं.

"आणि डाव्याचं?"

दुपारी १:३०

जेवण. संघानं सभासदांसाठी डबे मागवलेत. चिटणीस बाईंनी यादीत मामा आणि पोरगा धरलेत. पोळी, बटाट्याची भाजी, मसालेभात, अळूवडी एक. मामा जाळीला पाठ न टेकवता जेवतात. जाळी हलते. पोरगा जेवता जेवता मोबाइलवर चालू घडामोडी वाचतो. मामांनी अळूवडी त्याच्या डब्यात टाकली, तो काही बोलला नाही, त्यानं खाल्ली.

मग मामा रंगमंचावर, लग्नात जिथं खुर्च्या असतात तिथं, सतरंजीवर वीस मिनिटं आडवे झाले.

दुपारी ३:१५

गर्दी कमी. घरी आलेल्या भटजींमुळं सकाळी न आलेले काही जण आता आले. श्राद्ध उरकून, कपाळाला गंध तसंच. एक फ्रेम तिरकी झालेली. कुणीतरी बोट लावून बघितलंय. मामा दर अर्ध्या तासानं सुतळीच्या अंदाजानं सगळ्या रांगेवरून नजर फिरवतात. पाणसळ खिशात आहे, काढत नाहीत.

दुपारी ४:४०

तीन गोधड्या आहेत. त्या बांबूत ओवून टांगल्यात, वरून नाड्यांनी बांधून. एकेक अडीच-तीन किलोची. फ्रेमेचे लावायचे चाळीस रुपये, गोधडीचे दीडशे, कारण दोन माणसं लागतात आणि बांबू मधे वाकतो.

मधली गोधडी नऊवारी लुगड्यांची. हिरवं, तपकिरी, काठ उलटे लावून चौकट केलेली. टाका भाताच्या दाण्याएवढा, आणि ओळ कुठंच तुटलेली नाही. करणाऱ्या आजी खुर्चीवर बसून आहेत. एका बाईंना ती विकत हवी आहे. आजींना भाव माहीत नाही. त्यांनी मामांना हाक मारली.

"काय ओ, किती सांगू?"

मामा बसले. "किती दिवस लागले?"

"तीन महिने. दुपारचे दोन तास. डोळे दुखायचे मग."

"एकशे ऐंशी तास. आठ तासांचा दिवस धरला तर बावीस दिवस. ह्या पोराला मी दिवसाचे सातशे देतो." मामांनी तोंडानंच केलं. "पंधरा हजार चारशे."

आजी इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "पंधरा हजारांत पलंग येतो गादीसकट."

"दोरा किती लागला?"

"चौदा रिळं. पंधराला एक."

त्यांनी पंधराशे सांगितले. बाई बाराशे म्हणाल्या. तेराशेला झालं. बाईंनी मोबाइलवरून द्यायचे म्हटलं, आजींना रोख हवे होते, कुणाचा तरी नातू एटीएमला जाऊन आला. आजींनी नोटा दोनदा मोजल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या.

"रिळांचे सुटले," त्या मामांना म्हणाल्या.

मामा काही बोलले नाहीत. गोधडीची घडी कशी घालायची ते त्यांनी त्या बाईंना दाखवलं. उभी नाही, आडवी. उभ्या घडीनं टाका ताणतो.

संध्याकाळी ७:३०

बंद. प्रदर्शन उतरवणं लावण्यापेक्षा अवघड असतं, कारण आता माणसं मधे असतात. प्रत्येकाला आपलं चित्र आधी हवं. मुलं गाडी घेऊन खाली उभी, हॉर्न वाजवतात. मामांनी नियम केलाय: यादीत सही, मग चित्र. सही करायला चष्मा लागतो, चष्मा पिशवीत असतो, पिशवी सुनेकडे.

सासवडच्या आजोबांनी फ्रेम परत केली. किल्ला टॉवेलात गेला. शेवटच्या एसटीच्या वेळेबद्दल त्यांनी दोघांना विचारलं आणि मग ड्राफ्ट्समन सर त्यांना रिक्षातून सोडायला निघाले. वाटेत सीताफळाच्या छाटणीवर बोलत.

रात्री ८:४५

हिशेब. खजिनदार बँकेतून निवृत्त. त्यांच्याकडं पत्र्याची छोटी डबी आहे, तिच्यात शिक्क्याचं पॅड आणि रेव्हेन्यू स्टँप. बासष्ट फ्रेमा चाळीसनं चोवीसशे ऐंशी. तीन गोधड्या साडेचारशे. झाले एकोणतीसशे तीस. शिवाय तेवीस फ्रेमा केल्याचे साडेचारशेनं दहा हजार तीनशे पन्नास, पाच हजार आगाऊ दिलेले, बाकी त्रेपन्नशे पन्नास. एकूण ब्याऐंशीशे ऐंशी. पाच हजारांच्या वर आहे म्हणून एक रुपयाचा स्टँप, त्याच्यावर आडवी सही.

"स्टँपचा रुपया कोणाचा?" मामांनी विचारलं.

"पैसे घेणाऱ्याचा," खजिनदार म्हणाले, आणि रुपया घेतला.

तेवीस फ्रेमांतले पैसे पट्टीवाल्याचे, काचवाल्याचे आहेत, ते मामा वेगळ्या खिशात ठेवतात. आजच्या दिवसाचे म्हणजे एकोणतीसशे तीस. तार, कड्या, चिकटपट्टी एकशे ऐंशी. काच एकशे दहा.

पोरग्याला साडेसहाशे दिले. "काचेतले साठ माझे, पन्नास तुझे."

पोरग्यानं मान हलवली. बरोबरच होतं त्याच्या मते.

हुक मोजले. एकशे एकवीस. मामा जाळ्यांच्या पायाशी चुंबक फिरवत एक चक्कर मारून आले. दोन सापडले.

रात्री ९:५०

दुकान. शटर पुन्हा अर्धं वर. फ्रेमा नाहीत, त्यामुळं जागा मोठी वाटते. मामांनी जोडा काढला, पाय बाकावर ठेवले. उद्या उशिरा उघडणार, म्हणाले. परवा घटस्थापना, देवीच्या फोटोंच्या ऑर्डरी येतील.

शटरखालून एक माणूस वाकून आत आला. हातात मोठ्या लिफाफ्यात फोटो. वडील. स्टुडिओवाल्यानं आत्ताच दिला. उद्या सर्वपित्री, सकाळी आठला भटजी येणार आहेत.

मामांनी फोटो दिव्याखाली धरला. टोपी, जाड चष्मा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"काय करायचे हे?"

"कोण, बाबा? टपालखात्यात होते."

"रिटायर झाल्यावर?"

माणूस जरा थांबला. "काही नाही. वह्यांत काहीतरी लिहीत बसायचे. चित्रं पण काढायचे मधेमधे. आहेत कुठंतरी माळ्यावर."

मामांनी टेप काढली. बारा बाय पंधरा.

"काळी पट्टी लावू की चंदनी?"

"काळीच लावा."

सासवडच्या आजोबांकडून परत आलेली रिकामी फ्रेम बाकावरच होती. काळीच होती, पण मोठी. मामांनी तिचे चारही कोपरे सोडवले, पट्टी यंत्राखाली घेतली आणि दोन्ही टोकांचा तिरका काप नव्यानं मारला.